मोबाईल खिशात, खुरपं हातात

दिवस मावळायला टेकला की पद्माक्का कुणाची नसते. गेल्या वर्षी तिच्या बागेत गावातल्या तरुण पोरांचा मेळावा होता. तालुक्याहून आलेले पाहुणे ‘युवाशक्ती आणि माती’ या विषयावर नुकते कुठं रंगात येत होते. आक्कानं एकदा आभाळाकडं बघितलं, उठली, सरळ माईकपाशी गेली आणि म्हणाली, “सायेब, ऱ्हायलेलं उद्या सांगा. दिवस बुडाय लागलाय, माझं जेवाण व्हायचं हाय.”

पाहुण्यांना वाटलं, गंमत करतेय. ते हसले. आक्का हसली नाही. ती जैन, सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात घालत नाही. बरं, एकटीनं घरी जाऊन जेवावं की! पण बागेच्या फाटकाची किल्ली तिच्या कमरेला असते. ती निघाली म्हणजे बाग बंद. उरलेलं भाषण पाहुण्यांनी एसटी स्टँडपर्यंत चालता चालता मला एकट्याला ऐकवलं.

मी इथल्या हायस्कुलात मराठी शिकवतो. आमचं गाव मिरजेपासून आत, उसाच्या फडांत बुडालेलं. आक्काचं घर माझ्या घराला लागून. सत्तरी ओलांडलेली, काठीसारखी सरळ, आवाज मात्र लाऊडस्पीकरच्या वरताण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. घरामागं मोकळी जागा होती, तिथं ही बाग आहे.

बाग कशी सुरू झाली, ते सांगण्यासारखं आहे. आक्काच्या दारातल्या कट्ट्यावर दहावी-बारावी झालेली पोरं दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसायची. आक्कानं त्यांना एकदाही हटकलं नाही. एका सकाळी ती खुरप्यांचा ढीग घेऊन बाहेर आली, प्रत्येकाच्या मांडीवर एकेक टाकलं आणि म्हणाली, “मोबाईल खिशात, खुरपं हातात. चला माझ्यामागनं.” पोरं का उठली, ते त्यांनाही आजवर सांगता आलेलं नाही. प्रत्येकाला एक वाफा मिळाला. पुढं मुलीही आल्या. निघालेली भाजी अंगणवाडीत आणि गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी जायची. वाटायला पोरांनीच जायचं. “नुसती पिशवी ठिवून पळायचं न्हाई. दोन शबूद बोलून यायचं,” असा हुकूम.

भाजीत एकच अडचण होती. आक्का जमिनीखालचं कंदमूळ खात नाही, लावतही नाही. आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना कुणीतरी सांगितलेलं, बीट खाल्लं की रक्त वाढतं. झालं! बीट पाहिजे म्हणून पोरं हटून बसली. आक्कानं शेवटी एक कोपरा तोडून दिला. त्या कोपऱ्याला ती ‘पाताळ’ म्हणायची. “पाताळात गेलेल्यांनी हातपाय धुऊन वर यायचं,” असं ओरडायची. स्वतः तिकडं फिरकायची नाही. पण उन्हाळ्यात पोरं परीक्षेला गेली, तेव्हा ती लांब उभी राहून नळीनं त्या बिटांवर पाणी उडवताना मी भिंतीवरून पाहिली. “मास्तर, तिकडं काय बघताय? नळी वळली चुकून,” ती म्हणाली. नळी रोजच चुकून वळायची.

भरतीच्या पोरांना तिनं आपल्या पद्धतीनं शिकवायला घेतलं. दोन्ही हातांत पाण्यानं भरलेल्या बादल्या, हौदापासून वाफ्यापर्यंत पळायचं, आणि “पाणी सांडलं त्यो नापास!” या परीक्षेत सगळे नापास व्हायचे. एक नसरीन तेवढी पास.

नसरीन म्हणजे दस्तगीर मुल्लाची मुलगी. दस्तगीरचं स्टँडसमोर शिलाईचं दुकान. पोरगी वाऱ्यासारखी पळायची आणि तिला पोलिसात जायचं होतं. दस्तगीर वाईट माणूस नव्हे, भित्रा. पोरगी पहाटे डांबरी रस्त्यावर पळते हे कानावर आलं, तसं त्यानं तिचं बागेत येणंच बंद केलं.

आक्का त्याच्याशी भांडेल असं आम्हाला वाटलं. ती ब्लाऊज शिवायला घेऊन गेली. दस्तगीरनं शिवून दिला. दुसऱ्या दिवशी हजर. “बाही लांब झाली रं.” त्यानं आखूड केली. तिसऱ्या दिवशी, “आता आखूड झाली.” मग गळा, मग कंबर, मग पुन्हा बाही. दर वेळी ती दुकानातल्या स्टुलावर तासभर बसायची, नसरीनचा विषयसुद्धा काढायची नाही. गिऱ्हाईक आलं की मात्र त्याला सांगायची, “बसा, वेळ लागंल. माझी बाही चाललीय.”

शेवटी दस्तगीरनं कात्री खाली ठेवली. “आक्का, ब्लाऊजचं काय ते एकदाच सांगा.”

“ब्लाऊज ब्येस हाय रं. पोरीला पळू दे.”

“लोक बोलत्यात, आक्का.”

“कोण लोक? नावं सांग. त्यांच्या दारात जाऊन बसते.”

दस्तगीरला त्या लोकांची कीव आली असावी. त्यानं नावं सांगितली नाहीत. “पहाटंची एकटी पोरगी जाणार,” तो म्हणाला, “माझा जीव ऱ्हात न्हाई घरात.”

“एकटी कशानं? मी हाय की मागं.”

“तुमी पळणार?”

“मी कशाला पळू? मास्तरांची स्कूटर हाय की.”

मला हे संध्याकाळी कळलं, ठरल्यानंतर. तेव्हापासून पहाटेच्या गारठ्यात नसरीन पुढं, तिच्यामागं माझी स्कूटर, आणि मागच्या सीटवर शालीत गुंडाळलेली आक्का, अशी वरात निघायची. “गुडघं वर! नाकानं श्वास घे! मास्तर, जरा सावकाश घ्या, पोरगी दबकतीय!” अर्धा गाव या आवाजानं उठायचा. लोक बोलायचे बंद झाले नाहीत, पण आता ते माझ्याविषयी बोलत होते.

नसरीन भरती झाली. दस्तगीरनं स्टँडवर पेढे वाटले. ती ट्रेनिंगला निघाली त्या सकाळी सगळी बाग तिला पोचवायला गेली. आक्का आली नाही. दोडक्याचा मांडव बांधायचा होता म्हणे. मी परत आलो तेव्हा मांडव बांधलेला नव्हता. सुतळीचं बंडल मांडीवर घेऊन ती बांधावर बसली होती. “गेली काय?” तिनं विचारलं. मी हो म्हणालो. “बरं झालं. वाफा मोकळा झाला,” ती म्हणाली. त्या वाफ्यात तिनं दुसऱ्या कुणाला काही लावू दिलं नाही.

काही महिन्यांनी ट्रेनिंग सेंटरवर घरच्यांना भेटायची परवानगी मिळाली. दस्तगीर निघाला. त्याला त्या शहरातलं काही ठाऊक नव्हतं म्हणून मी सोबत निघालो. स्टँडवर बघतो तर आक्का इस्त्रीची साडी नेसून आमच्या आधी हजर. हातात शेंगपोळ्यांचा डबा. “सहज येते,” ती म्हणाली.

फाटकावर हवालदारानं अडवलं. “फक्त घरचे आत. तुम्ही कोण?” मला विचारलं. मी शेजारी म्हणून सांगितलं. “मग तुम्ही इथंच थांबा. आणि आजी, तुम्ही कोण लागता तिच्या?”

पद्माक्कानं डबा या हातातून त्या हातात घेतला. “मीबी शेजारचीच,” ती म्हणाली. मग डबा दस्तगीरपुढं केला. “एवढं दे तिला. मी थांबते मास्तरांच्यासंगं.”

दस्तगीरनं डबा घेतला नाही.

“आई हाय माझी,” तो हवालदाराला म्हणाला.

हवालदारानं त्याच्या टोपीकडं पाहिलं, मग आक्काच्या कपाळावरच्या गंधाकडं. “तुमचं नाव?”

“दस्तगीर मुल्ला.”

“आणि यांचं?”

“पद्मावती मगदूम. माझी आई हाय, सायेब.”

हवालदारानं फाटकाची कडी काढली. “या आजी. पायरी आहे, जपून.”

ती दोघं आत गेली. दस्तगीर नेहमीच्या घाईनं पुढं निघाला, तशी आक्का मागून म्हणाली, “हळू चाल की रं. म्हाताऱ्या माणसाला मागं टाकून निघालास.” ती स्वतःला म्हातारी म्हणालेली मी कधी ऐकली नव्हती. दस्तगीर मागं आला, डबा घेतला आणि तिचा हात धरला. तिनं धरू दिला.

मी फाटकाबाहेरच्या बाकावर बसलो. लांब, लिंबाखाली खाकीतली एक पोरगी पळत आली. केस अगदी बारीक कापलेले. आक्कानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ त्या केसांवरून फिरवत राहिली. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई. पण काय बोलत होती, ते मला काही ऐकू आलं नाही.