फाशीनंतरची सही

ज्या गृहस्थांना चौदा जूनला लटकवण्यात आले, त्यांनी एकोणतीस जूनला हजेरीपटावर सही केली. सही स्वच्छ व वळणदार होती, आणि पुढे वेळही होती: सकाळचे सात.

अभिलेखागाराच्या टेबलावर घरातली फाशीच्या हुकमाची प्रत आणि हा हजेरीपट शेजारी शेजारी ठेवून पुरावेकाका संतापले. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत त्यांची पस्तीस वर्षे गेली होती. दोन वेळा मोजल्याशिवाय ते स्वतःचा तापही मान्य करीत नसत. येत्या रविवारी वाचनालयाच्या भिंतीवर त्यांच्या खापरपणजोबांच्या नावाची संगमरवरी पाटी बसायची होती. "साहेबाच्या राज्यात फासावर गेलेले," अशी घराण्यात ख्याती! "पाटीवरचा शब्द न् शब्द मी सिद्ध करून देतो. दोन दिवस पुरेत!" असे काकांनी साऱ्या नातेवाइकांसमोर ठणकावले होते. आता पुरावा मिळाला होता, पण मेलेला माणूस कामावर हजर असल्याचा!

त्यांनी आत्याला फोन लावला. आत्या शहाऐंशी वर्षांची. रविवारी पडदा तिच्याच हातून सरकायचा होता.

"आत्या, ते फाशीनंतर पंधरा दिवसांनी कामावर आले होते."

"दोर तुटला असेल!"

"आणि मान?"

"आपल्या घराण्याची मान आहे ती, मेल्या! त्यांची गेली म्हणून माझी ताठ राहिली. पन्नास वर्षं सासरी कुणापुढे वाकले नाही मी. आता काढ शंका!"

फोन आतेभावाने हिसकावून घेतला. "दादा, काय बोललास! फाशीनंतर कामावर? वा! थांब, पाटीवाला इथंच बसलाय."

"अरे, एक शब्दही कोरायचा नाही! मी अजून..."

फोन बंद.

काका आत्याच्या घरी पोहोचले तेव्हा पाटीवर नवी ओळ झळकत होती: 'फाशीनंतर पंधराव्या दिवशी कर्तव्यावर रुजू.' काकांचा चेहरा उकळत्या चंचुपात्रासारखा झाला.

"हा चमत्कार आहे," आतेभाऊ म्हणाला.

"हा गाढवपणा आहे! दगडावर कोरलेला गाढवपणा!"

"मग खोडून दाखव."

दुसऱ्या दिवशी काकांनी अभिलेखपालाकडून मूळ हुकूमच बाहेर काढवला. घरात होती ती त्याच्या मराठी भाषांतराची टंकलिखित प्रत: 'दिनांक १४ जूनपासून लटकविण्यात येत आहे.' यातल्या 'पासून'कडे पन्नास वर्षांत कोणीही पाहिले नव्हते. फाशी अमुक तारखेपासून सुरू होते आणि चालू राहते, हे साऱ्या घराण्याला बिनबोभाट पटले होते. स्वतः काकांनाही!

मूळ इंग्रजी हुकमात शब्द होता 'सस्पेंडेड'.

"म्हणजे निलंबन, काका," अभिलेखपाल म्हणाला. "पंधरा दिवसांचं. कारण खाली दिलंय."

कारण काकांनी दोन वेळा वाचले. खापरपणजोबा हवामान केंद्रात तापमान नोंदवीत. ओळीने एकोणीस दिवस त्यांनी चौऱ्याऐंशी अंश फॅरेनहाइट लिहिले होते. तपासणीस आला तेव्हा तापमापक फुटलेला होता, आणि तो एकोणीस दिवसांपूर्वीच फुटला होता!

"नोंदी बनावट?" काका कडाडले. "आमच्या रक्तात? फाशी झाली असती तरी चाललं असतं!"

"हळू बोला. लोक वाचतायत."

संतापाला आता एकच लक्ष्य उरले. निलंबनाला लटकवणारा तो दिवटा भाषांतरकार कोण? ते तडक आत्याकडे गेले.

"टंकलिखित नको, मूळ भाषांतर दाखव. कुणा अर्धवटाने केलंय हे?"

आत्याने आतेभावाला कपाटावरचा पत्र्याचा डबा उतरवायला लावला. "आपल्याकडची हुकमाची इंग्रजी प्रत इतकी जीर्ण होती की भाषांतर झालं आणि चुरा झाला. हे घे. तुझ्याकडूनच तर करून घेतलं होतं सुट्टीत! 'माझं इंग्रजी बघ आत्या,' म्हणून दोन तासांत लिहून दिलंस."

हस्ताक्षर काकांचे होते. खाली दोन वेळा अधोरेखित केलेली ओळ होती: 'अचूक भाषांतर. भाषांतरकार, प्रथम वर्ष विज्ञान.'

आत्याने ती ओळ चष्मा लावून वाचली. मग आत्या सावकाश म्हणाली, "म्हणजे साहेबाने नाही. फाशी तूच दिलीस त्यांना!"

"आत्या, मी..."

"आणि रविवारी मी पडदा कशावरचा सरकवू? तेही लिही तुझ्या अहवालात!"

पाटी उलटी करून भिंतीला टेकवण्यात आली. काकांनी कागद ओढला, टोपण काढले आणि नेहमीच्या पद्धतीने निष्कर्ष लिहिला:

'मृत्यूनंतरच्या सहीचे कारण: मृत्यू झाला नव्हता. मृत्यूचे कारण: भाषांतरकाराच्या शब्दकोशात सदर शब्दाचा "टांगणे, लटकवणे" हा अर्थ पानाच्या शेवटच्या ओळीत असून "कामावरून तात्पुरते दूर करणे" हा अर्थ पुढील पानावर आहे. भाषांतरकाराने पान उलटले नाही.'