पाणमांजराची पायवाट

शिट्टीकाका आरशासमोर उभे राहून भाषण पाठ करत होते आणि काकू त्यांच्या शर्टाला बटण लावत होत्या, तेही शर्ट अंगात असताना. त्यामुळे भाषणात अधूनमधून "हलू नका" असं येत होतं. संध्याकाळी धरणावर बोटिंगचं उद्घाटन होतं. पाहुणे म्हणून काकांना बोलावलं होतं, कारण ते या धरणाचे पहिले चौकीदार, आणि त्यांच्या सगळ्या नोकरीत या पाण्यात एकही माणूस बुडाला नव्हता. त्याबद्दल समिती त्यांना एक घड्याळ देणार होती. घड्याळ घ्यायचं, आभार मानायचे आणि माइक हातात आहे तोवर बोटिंगला कडाडून विरोध करायचा, असा काकांचा बेत होता.

"घड्याळ आधी घेणार की विरोध आधी करणार?" काकूंनी दोरा दातांनी तोडत विचारलं.

"घड्याळ आधी."

"मग ठीक आहे," काकू म्हणाल्या.

धरण म्हणजे काही फार मोठं नव्हतं. दोन टेकड्यांच्या मध्ये घातलेली मातीची भिंत, पाण्याच्या बाजूला उताराच्या तळाशी बसवलेले दगड, त्यांच्या वर गवत, आणि जादा पाणी निघून जायला एका टोकाला सांडवा. पण काका इथे आले तेव्हा भिंत नवी होती, नोकरी नवी होती आणि बायकोही नवी होती. रात्र रात्र कंदील घेऊन ते भिंतीवरून फिरायचे. मातीचं धरण फुटतं ते उंदराच्या बिळापासून, असं मोठ्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि काकांनी ते असं मनावर घेतलं की रोपटं दिसलं की उपटायचं, बीळ दिसलं की बुजवायचं आणि माणूस पाण्याकडे वळला की शिट्टी फुंकायची. एकदा चांदण्यात काकूंनी नुसते पाय पाण्यात सोडू का म्हणून विचारलं होतं. काकांनी त्यांना स्वतः रंगवलेली, अजून ओली असलेली मनाईची पाटी दाखवली. काकूंनी पुन्हा कधी विचारलं नाही, आणि यात काही वावगं आहे असं काकांना त्या वयात वाटलं नाही.

त्या सगळ्या वर्षांत काका हरले ते फक्त एका प्राण्यापुढे. भिंतीच्या पलीकडच्या टोकाला माथ्यापासून थेट पाण्यापर्यंत गवत घासून एक पायवाट पडायची. पावसाचं पाणी तिच्यातून धावून घळ पाडायचं, आणि मातीच्या भिंतीला घळ म्हणजे कॅन्सर. काकांनी मुरूम आणून ती बुजवावी आणि पंधरा दिवसांत ती पुन्हा हजर. हे पाणमांजराचं काम, असा त्यांनी अहवाल दिला. साहेब आले, वाकून बघून मान डोलावत म्हणाले, पाणमांजरच. मग पिंजरा आला. काका रोज त्यात ताजा मासा ठेवायचे. मासा नाहीसा व्हायचा, पाणमांजर काही सापडायचं नाही. आपल्याहून हुशार असलेल्या त्या जनावराबद्दल काकांना पुढे पुढे आदरच वाटू लागला होता.

संध्याकाळी दोघं धरणावर पोचले तर अर्धं गाव तिथे जमलेलं. धक्क्याला दोन नव्या बोटी डुलत होत्या. समितीचे अध्यक्ष लगबगीने पुढे आले आणि काकांना मांडवाकडे नेऊ लागले. काकांचं लक्ष मात्र जमिनीकडे होतं, कारण सवय जात नाही. मांडव चक्क धरणाच्या माथ्यावर घातला होता आणि त्याची एक खुंटी, चांगली हातभर लोखंडी खुंटी, भिंतीच्या मातीत ठोकलेली होती.

"ही कोणी मारली?" काकांनी विचारलं.

अध्यक्ष म्हणाले, काका, एक खुंटी आहे, कार्यक्रम झाला की काढू. काका म्हणाले, भोक कसं काढाल? अध्यक्ष त्यांना पुन्हा खुर्चीकडे नेऊ लागले. तेव्हा काकांनी बाह्या सरसावल्या, दोन्ही हातांनी खुंटी धरली आणि उपटली.

खुंटी निघाली. तिला बांधलेली दोरीही तिच्याबरोबर निघाली, आणि दोरीला बांधलेला मांडवाचा कोपरा सुटला. नेमका तलावाकडे वारा सुटला होता. कापड फुगलं, वर उठलं आणि काकांना घेऊन निघालं. खुंटी सोडली असती तर सगळं तिथेच थांबलं असतं. पण खुंटी हा पुरावा होता, तो अध्यक्षांच्या नाकासमोर नाचवल्याशिवाय काका सोडणार नव्हते. ते उताराच्या दगडांवर आले. दगडांवर शेवाळ होतं. तिथून पुढचा प्रवास त्यांनी बसून केला आणि थेट खोल पाण्यात गेले.

आता बोटिंग म्हटलं की सुरक्षेची साधनं आलीच. तशी ती आणलेलीही होती. बारा नवी कोरी जाकिटं प्लास्टिकसकट पेटीत होती, पेटीला कुलूप होतं आणि किल्ली अध्यक्षांच्या दुसऱ्या पँटच्या खिशात होती. काका एकदा वर आले आणि खाली गेले. दुसऱ्यांदा वर आले तेव्हा त्यांनी गळ्यातली शिट्टी तोंडात धरून जिवाच्या आकांताने फुंकली.

आणि तिथेच घात झाला. त्या गावातला प्रत्येक जण ती शिट्टी ऐकतच लहानाचा मोठा झाला होता. शिट्टी वाजली की पाण्यापासून पळायचं, हे रक्तात भिनलेलं. सगळं गाव एका दमात वीस पावलं मागे सरलं. अध्यक्ष तर मांडवाबाहेर गेले. बोटवालासुद्धा बोटीतून उतरून काठावर उभा राहिला.

पुढे गेल्या त्या एकट्या काकू. त्यांनी चपला काढल्या, चष्मा काढून मागून धावत आलेल्या शाळेच्या हेडबाईंच्या हातात दिला, दगडावर उभं राहून हात जोडले आणि असा सूर मारला की पाणीसुद्धा फारसं उडालं नाही. हेडबाईंनी तो चष्मा आणि स्वतःचाही चष्मा बिचकत परत आलेल्या अध्यक्षांकडे दिला आणि पाठोपाठ उडी घेतली. त्यांच्या मागून शिंपीणबाई आल्या, मग पोस्टमनची आई. चार बायकांनी काकांना चारी बाजूंनी असं उचलून आणलं की त्यांना बुडायला जागाच उरली नाही.

काठावर पोटातलं पाणी बाहेर काढून झाल्यावर काका बायकोकडे वळले.

"तू पोहतेस?"

"हो."

"कुठे शिकलीस?"

काकू केस पिळत होत्या. "इथे दुसरीकडे कुठे पाणी आहे का? तुम्ही रात्री गस्त घालायचात आणि दुपारी झोपायचात. तुमचं घोरणं सुरू झालं की मी खिडकीत गोधडी वाळत घालायची. ती दिसली की या सगळ्या यायच्या."

"म्हणजे ते पाणमांजर..."

"नव्हतंच. आम्ही होतो."

"आणि पिंजऱ्यातले मासे?"

"ते तुम्हीच खाल्लेत. वाया कशाला घालवायचे?"

हे ऐकून गाव मनसोक्त हसलं. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या काकांच्या शेजारी बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आपल्या लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी शिंपीणबाईंची थोरली धुणं धुताना घसरली होती. मी वेणीला धरून ओढली म्हणून वाचली. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आणखी एक पाटी लावली असती. पाटी वाचता न येणारी पोरं पडणार होती, त्यांचं काय? म्हणून मी आधी स्वतः शिकले, मग एकेकीला शिकवलं, आणि त्यांनी आपापल्या पोरांना."

"मलाही आईनेच शिकवलं," गर्दीतून अध्यक्ष म्हणाले. दोन्ही चष्मे त्यांनी अजून हातातच धरले होते.

काकांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. एकही बळी नाही, एवढीच त्यांची आयुष्याची कमाई, आणि तीही दुसऱ्याची निघाली. त्याहून वाईट याचं वाटलं की ती उन्हातली हसण्याखिदळण्याची इतकी वर्षं त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होऊन गेली आणि ते कूस बदलून झोपले. तेवढ्यात कोणीतरी त्यांच्या हातात माइक दिला. पाठ केलेलं भाषण पाण्यातच राहिलं होतं.

"भिंतीत खुंट्या ठोकू नका," काका म्हणाले. "भिंतीवरून उतरू नका, अलीकडे उथळ पाण्याशी पायऱ्या बांधा. बोटी चालवा. पण आधी पोरांना पोहायला शिकवा. कसं शिकवतात ते मला विचारू नका. मी तेव्हा झोपलेलो होतो."

टाळ्यांच्या गडबडीत अध्यक्षांनी घड्याळ काकांच्या ऐवजी काकूंच्या हातात ठेवलं. "नको, नको, ह्यांना द्या" असं काकू एकदाही म्हणाल्या नाहीत.

पायऱ्या झाल्या आणि उथळ पाण्यात काकूंचा वर्ग सुरू झाला. वर्गात नऊ पोरं, सगळ्यांचे दुधाचे दात पडायच्या बेताला आलेले, आणि एक काका, ज्यांचे दुसरेही पडले होते. काकू त्यांना काडीची सवलत देत नसत. पहिल्या दिवशी पोरं तोंडाने बुडबुडे काढत होती आणि काका गुडघाभर पाण्यात उभे राहून पाण्याची पातळी किती आहे ते सांगत होते. शेवटी काकूंनी त्यांच्या पाठीखाली हात घालून त्यांना आडवं केलं.

काकांनी घट्ट मिटलेले डोळे हळूच उघडले. समोर धरणाची भिंत होती. जन्मभर त्यांनी भिंतीवरून पाणी पाहिलं होतं, पाण्यातून भिंत कधी पाहिली नव्हती. उतरत्या उन्हात ती या टेकडीपासून त्या टेकडीपर्यंत हिरवीगार पसरली होती, कुठे बीळ नाही, कुठे झुडूप नाही. इतकी देखणी गोष्ट आपण राखली, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"अगं, ही इथून अशी दिसते?" त्यांनी विचारलं.

"रोज बघायचे मी," काकू म्हणाल्या. "आणि त्या पोरींना सांगायचे, ही आमच्या ह्यांची भिंत."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं की तलावाचं गेलं, ते कळायला मार्ग नव्हता. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. पण तेवढ्यात पाठीखालचा हात गेला.

"बघत काय राहिलात?" काकू म्हणाल्या. "पाय मारा."