किसनजींच्या हातून न निघालेला डाग

किसनजी भेटले की रामराम नंतर; आधी "तोंड उघडा". पाटील असो, अडत्या असो, उघडावं लागे. ते हनुवटी धरून उन्हाकडे वळवत, डोळे बारीक करून पाहत आणि निकाल देत: "सुपारी. सोडा."

अकोल्याच्या कापूसबाजारात ते पारखी होते. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर बाहेर काढायचा, डागी कापूस वेगळा टाकायचा, हे त्यांचं काम. अमेरिकेत लढाई चालू असल्यामुळे विलायतेला आमच्याकडचा कापूस हवा होता आणि भाव रोज चढत होता. मी मुंबईच्या एका वर्तमानपत्राला त्या भावाची बातमी पाठवत असे. दिवसभर धूळ, गाड्या आणि भाव. संध्याकाळी स्वतःचं नावसुद्धा सांगायचा कंटाळा येई. लोकांच्या हातात पैसा आला, तसे ते पान खाऊ लागले. वर्षभरात बाजारातले दात लाल झाले. किसनजींच्या लेखी तेजीचा परिणाम एवढाच.

डाग घालवण्याआधी तो कशाचा आहे ते कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पानाचा डाग वरवरचा. मीठ, तेल आणि बोट पुरे. तंबाखूचा डाग दाताच्या खाचेत बसतो. त्याला बाभळीचा कोळसा, कडुनिंबाची काडी आणि पंधरा दिवसांचा धीर लागतो. पूर्णेकाठच्या एका शेतकऱ्याच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. किसनजींनी ते बघून हात झटकले.

"हा विहिरीच्या पान्याचा हाय. घासू नका. दुसऱ्या विहिरीचं पानी प्या."

"आता या वयात? मले काय फायदा?"

"तुमाले नाई. नातवाईले होईल."

विटेची पूड लावणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. "दात हाय का भिंत? डागासंगं दातबी जाते ना, बाप्पा!" या सगळ्याबद्दल ते काहीही घेत नसत. 'त्यांच्या हातून डाग निघतो' असं कोणी म्हटलं की मात्र ते मान खाली घालून उपरणं नीट करत. तेवढीच त्यांची कमाई.

त्यांची बायको बारा वर्षांपूर्वी वारली होती. घरात ते आणि म्हातारी आत्या. तेजीच्या दुसऱ्या हंगामात त्यांची धाकटी बहीण गंगू हिवरखेडहून परत आली. नवरा तापाने गेला होता. वय बावीस. त्यांच्या घरात विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावत नसत; तेव्हा ती आता कायमची आली होती.

त्या काळी सवाष्णी दातवण लावून दात काळे करत. काळे दात हे सौभाग्याचं लेणं. गंगूचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. दात तेवढे काळेच राहिले. आत्याबाईंना ते खपेना.

"किसना, साऱ्या बजाराचे दात धुतो. घरातले काये दात दिसत नाई तुले?"

"पाहून राहिलो, आत्याबाई. काढतो."

रोज सकाळी अंगणात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, किसनजी बहिणीला काडी आणि कोळसा देत. ती घासे. महिना झाला, तीन महिने झाले. दात काळेच.

"आतवर मुरला हाय," किसनजी सांगत.

बाजाराला हा विषय पुरला. एक अडत्या सगळ्यांसमोर म्हणाला, "काहून किसनजी, घरचा डाग निघत नाई, अन् आमचे तोंडं उघडता?" लोक हसले. किसनजी कापसातून हात न काढता म्हणाले, "नाई निघत, खरं हाय." हळूहळू त्यांच्यासमोर कोणी तोंड उघडेनासं झालं. मला वाटलं, माणूस थकला.

पुढे एका सकाळी मी भाव विचारायला त्यांच्याकडे गेलो, तर आत्याबाई विटेची पूड घेऊन गंगूसमोर बसल्या होत्या. गंगूने ओठ घट्ट मिटले होते. किसनजींनी पुडीवर हात ठेवला.

"दात पडले तं ते खाईन काय? तुमी चाऊन देसान?"

"लोकं काय म्हनतीन?"

"म्हनतीन, किसन्याले येत नाई. म्हनू द्या."

आत्याबाई पुटपुटत उठल्या.

दिवाळीनंतर मी बाजाराच्या कामासाठी अमरावतीला गेलो. तिथल्या काष्ठौषधी विकणाऱ्या एका पंसाऱ्याच्या दुकानात किसनजी पाठमोरे उभे होते. पंसारी हिराकस, मायफळ आणि हिरडा पुड्यांत बांधत होता. यातलं काहीही दात पांढरे करत नाही. हे दातवणाचं सामान.

"दर महिन्याले येता, भाऊ," पंसारी म्हणाला. "घरवाली लय हौशी दिसते!"

"हाय हौशी," किसनजी म्हणाले आणि वळले. मी समोर होतो.

आम्ही दुकानाबाहेर आलो. तेच म्हणाले, "कुकू पुसलं तवा ते रडली नाई. बांगड्या फोडल्या तवाबी नाई. म्या पयल्या दिवशी कोयसा देल्ला, अन् चार दात पांढरे झाले. आरशात पाह्यलं तिनं. मंग रडली. म्हने, दादा, आता मी कोनाचीच दिसत नाई."

पुड्या उपरण्यात बांधत त्यांनी विचारलं, "हे पेपरात येते का?"

"नाही," मी म्हणालो. "पेपरात भाव येतो."

आठवड्याने अकोल्याच्या बाजारात पातूरचा एक शेतकरी त्यांच्याकडे आला. त्याच्या मुलीच्या सोयरिकीला पाहुणे यायचे होते आणि त्याचे स्वतःचे दात तंबाखूने पिवळे झाले होते. त्याला बाजारातल्या गोष्टी ठाऊक नव्हत्या. त्याने आपणहून तोंड उघडलं. किसनजींनी आत पाहिलं. पंधरा दिवसांचं काम होतं. मलाही एवढं कळू लागलं होतं. शेजारच्या गाडीवर तो अडत्या बसला होता.

किसनजींनी उपरण्याला हात पुसले आणि चार गाड्यांपलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "दुसऱ्या कोनाले दाखवा, बाप्पा. माह्या हातून डाग निघत नाई."