छताला भोक असलेली गाडी

एका जंगलात रस्ता नव्हता.

बाकी सगळं होतं. झाडं होती, ओढा होता, ओढ्याच्या पाण्यावरून भांडणं होती. एक पायवाट होती, तीही दोन हात रुंद. समोरून कुणी आलं की एकानं करवंदीच्या जाळीत शिरायचं आणि दुसऱ्यानं पुढे जायचं. रस्ता मात्र नव्हता. मुलांनो, हे तेवढं लक्षात ठेवा, कारण गोष्टीतल्या मोठ्या माणसांच्या ते लक्षात राहणार नाही.

या जंगलात भिकोबा साळिंदर राहायचा. टेकडीवर त्याचं बीळ होतं. बिळात बायको तुळसाबाई आणि तीन पोरं, तिन्ही बोचरी. ओढ्याकाठचे कंद उकरायचे, टेकडीवर न्यायचे आणि बिळात रचून ठेवायचे, म्हणजे उन्हाळा निघायचा. कंद न्यायची पद्धत त्याच्या घराण्यात चालत आलेली होती. पाठीवरच्या एकेका काट्यावर एकेक कंद खोचायचा आणि चालू लागायचं. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, जत्रेतला फुगेवाला निघालाय.

आता त्या जंगलातली एक रीत सांगतो. शेजाऱ्यानं काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. फार जुनी रीत. पूर्वी कधीतरी एका सशानं शेजारणीला किसणी द्यायचं नाकारलं होतं. त्याच्या घराण्यात आजतागायत कुणी मुलगी देत नाही. सशाला ही केवढी शिक्षा, ते तुम्हाला मोठं झाल्यावर कळेल.

तर भिकोबा ओढ्यावरून चौदा कंद घेऊन निघायचा. पहिल्याच वळणावर यमूबाई घोरपड भिंतीला चिकटल्यासारख्या खडकाला चिकटून बसलेल्या असायच्या.

"भिकोबा, एक घेऊ का रे? भाजी थोडी कमी पडतेय."

"घ्या की."

"दोनच घेते मग."

पुढे दौलतराव रानडुक्कर भेटायचे. ते काही मागायचे नाहीत. ते नुसते भिकोबाच्या मागून चालायचे, आणि वास घ्यायचे. दहा पावलांनी भिकोबालाच लाज वाटायची आणि तो म्हणायचा, "घ्या, दौलतराव." टेकडी चढेपर्यंत पाठीवर चार कंद उरायचे. त्यातला एक पोरं दारातच खायची.

त्या वर्षी मात्र प्रकरण गंभीर होतं. होळीला दौलतरावांची पलीकडच्या डोंगरातली भावकी येणार होती. चाळीस डुकरं. ओढ्याकाठी उकरून ठेवलेले कंद होळीच्या आत बिळात पोचले नाहीत, तर उन्हाळाभर पोरांना काय खायला घालायचं, हा प्रश्न होता.

"अहो," तुळसाबाई म्हणाली, "हातगाडी घ्या. दोन चाकांची. पायवाटेवर मावेल अशी. वर झाकण असलेली घ्या, म्हणजे कुणाला आतलं दिसणार नाही. दिसलं नाही तर मागणार नाहीत."

इतकं शहाणपणाचं बोलणं त्या बिळात बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. भिकोबानं तीन पिढ्यांचे गळालेले काटे बांधून घेतले. बाजारात साळिंदराच्या काट्यांना चांगला भाव होता. ते द्यायचे आणि हातगाडी आणायची, असं ठरवून तो घरातून निघाला. अगदी पक्कं ठरवून निघाला होता. हेही लक्षात ठेवा.

जंगलाच्या कडेला फत्तूशेट कोल्ह्याचं गाड्यांचं दुकान होतं. मागच्या अंगणात हातगाड्या होत्या. तिथे नरहरपंत कासव गेले तीन दिवस एका हातगाडीचं चाक फिरवून बघत होते. पंत कुठलीही गोष्ट विचारपूर्वक घेत. त्यांनी चार जणांना विचारलं होतं, लाकूड ठोकून पाहिलं होतं, गाडीत दगड घालून ती चढावर ओढून पाहिली होती.

"हातगाडी हवी होती," भिकोबा दारातच म्हणाला.

"हातगाड्या मागे आहेत," फत्तूशेट म्हणाला. "पण साहेब, उन्हातून आलात. आधी कोकम सरबत तर घ्या."

भिकोबानं मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. म्हणजे साहेब तोच होता.

त्याला आजवर कुणी साहेब म्हटलं नव्हतं. भिकोबा म्हटलं होतं, भिक्या म्हटलं होतं, आणि यमूबाईंची नातवंडं तर फुगेवाला म्हणायची. सरबताचा पेला हातात घेऊन तो उभा राहिला आणि समोरच ती दिसली.

ती काळी होती. लांब होती. इतकी चकचकीत होती, की भिकोबाला तिच्यात स्वतःचा चेहरा दिसला, आणि तो जरा रुबाबदारच वाटला.

"चालवून बघायची?" फत्तूशेटनं विचारलं.

"नको, मला हातगाडी…"

"आत बघा तरी. आसनं अस्सल कातड्याची आहेत."

भिकोबा दचकला. "कातडं कुणाचं?"

"तुमच्या ओळखीतलं नाही," फत्तूशेट शांतपणे म्हणाला. "आणि हे वर बघा. छताला भोक."

"फुटलंय?"

"ठेवलंय. भोक असलेलीच महाग असते साहेब. बिनभोकाची कुणीही घेतं."

मुलांनो, हसू नका. तुमच्या बाबांना काय सांगून काय विकलंय, ते एकदा माळ्यावर चढून बघा.

भिकोबानं भोकाकडे पाहिलं. मग त्याला आठवलं की बिळात तीन पोरं आहेत, ओढ्यावर कंद आहेत आणि होळी तेरा दिवसांवर आली आहे. हातगाडीच घ्यायची, असं त्यानं मनाशी पुन्हा ठरवलं. तेवढ्यात फत्तूशेट हलक्या आवाजात म्हणाला, "तसं पंतांनाही दाखवली होती. पण त्यांना सांगितलं, ही तुम्हाला शोभणार नाही."

झालं. तीन पिढ्यांचे काटे फत्तूशेटच्या गल्ल्यात गेले.

गाडी आणायला बारा माकडं लागली. त्यांनी ती झाडं वाकवत, ढकलत, एकमेकांना शिव्या देत ओढ्याकाठच्या मोहाच्या झाडाखाली आणून लावली. पुढे वाट नव्हती. मागेही नव्हती, कारण वाकवलेली झाडं तोवर पुन्हा सरळ झाली होती. माकडं किल्ली देऊन निघून गेली.

सगळं जंगल लोटलं. यमूबाईंनी गाडीला ओवाळलं. चारही चाकांखाली लिंबं ठेवली. आता लिंबं फुटायची तर गाडी पुढे जायला हवी. गाडीला पुढे जायला जागा नव्हती. सगळे थोडा वेळ लिंबांकडे बघत उभे राहिले. शेवटी दौलतरावांनी एकेका लिंबावर पाय दिला आणि मोहाच्या फुलांचे पेढे वाटले गेले.

"आता आत बसा," कुणीतरी म्हणालं.

भिकोबा बसणार होता. पण फत्तूशेटनं दिलेल्या कागदावर लिहिलं होतं की आसनाला टोकदार वस्तू लागल्यास दुकान जबाबदार नाही. भिकोबाच्या अंगावर टोकदार नाही असं फक्त नाक होतं. त्यानं दार उघडलं, प्लास्टिक घातलेल्या आसनाकडे डोळे भरून पाहिलं आणि दार हळूच लावलं.

तुळसाबाई हे सगळं लांबून बघत होती. घरी आल्यावर ती एकच वाक्य बोलली.

"छताला भोक पडलेली गाडी नवी म्हणून घेतलीत?"

भिकोबाला रात्री झोप लागेना. पोरांची तोंडं बघितली की त्याला रडू यायचं. आपण गाढवपणा केला, हे त्याला चांगलंच कळलं होतं. गाढवाला मात्र हा शब्द आवडत नसे, म्हणून त्यानं ते मनातच ठेवलं.

इकडे नरहरपंतांनी पाचव्या दिवशी हातगाडी घेतली. फार उत्तम हातगाडी होती. पायवाटेवर बरोबर मावत होती, चढावर हलकी लागत होती, आवाजही करत नव्हती. पंतांना आटत चाललेल्या तळ्यातले शिंगाडे वर आणायचे होते. त्यांनी चाकाला तेल दिलं आणि ते निघणार, एवढ्यात यमूबाई आल्या.

"पंत, हातगाडी नेऊ का? अंडी हलवायची आहेत."

पंतांना सशाची किसणी आठवली. "न्या की," ते म्हणाले.

गाडी आल्याच्या तिसऱ्या दिवशी भिकोबानं मन घट्ट केलं. त्यानं पाठीवर चौदा कंद खोचले आणि खाली मान घालून पायवाटेला लागला. आता सगळे हसणार. दारात गाडी आणि पाठीवर कंद. पहिल्या वळणावर यमूबाई होत्याच. त्यांनी सवयीनं तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं.

"भिकोबा… साहेब," त्या म्हणाल्या. "तुम्ही स्वतः?"

"हो, म्हणजे…"

"व्यायाम असेल," यमूबाई समजुतीनं म्हणाल्या आणि स्वतःच करवंदीच्या जाळीत शिरल्या.

पुढे दौलतराव भेटले. त्यांनी वास घेतला नाही. चक्क नमस्कार केला. त्या दिवशी बिळात चौदा कंद पोचले. तुळसाबाईनं ते दोनदा मोजले.

"कुणी मागितले नाहीत?"

"नाही गं."

"बरं वाटत नाहीये का सगळ्यांना?"

संध्याकाळी दौलतराव टेकडी चढून आले. घाम पुसत म्हणाले, "साहेब, राग मानू नका, पण हे बरं दिसत नाही. तुमच्यासारख्या गाडीवाल्यानं ओझं वाहिलं, तर पाहुण्यांपुढे जंगलाची काय अब्रू राहील? उद्यापासून कंद आम्ही पोचवू."

"कशातून?" भिकोबानं विचारलं.

"पंतांची हातगाडी आहे ना. ती सगळ्यांचीच आहे."

दुसऱ्या दिवसापासून दौलतराव हातगाडी ओढू लागले. मागून नरहरपंत ढकलत होते. पंतांना बोलवायचं कारण असं, की हातगाडीचं डावं चाक यमूबाईंकडून आल्यापासून अडत होतं आणि ते कसं सोडवायचं हे मालकालाच ठाऊक. वाटेत एकही कंद कमी झाला नाही. एकदा एक कंद खाली पडला, तर दौलतरावांनी तो धुऊन परत ठेवला.

"खा एखादा," भिकोबा संकोचून म्हणाला.

"छे छे, साहेबांचे कंद," दौलतराव म्हणाले. भिकोबा साध्या घरातला असताना त्यांनी त्याचे निदान दोनशे कंद खाल्ले होते.

चार दिवसांत बीळ भरलं. उरलेले कंद तुळसाबाईनं खाली मोहाच्या झाडाकडे नेले आणि गाडीच्या छतावर चढून भोकातून आत सोडले. कातड्यावर प्लास्टिक, प्लास्टिकवर कंद. मग तिनं गाडीच्या टपावर हात फिरवून पाहिला. टप चांगला तापलेला होता. तिनं त्यावर पापड वाळत घातले.

"बरी आहे गाडी," ती म्हणाली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. आपण घेतलेल्या वस्तूला ती बरी म्हणाल्याचं भिकोबानं पहिल्यांदाच ऐकलं आणि त्याला भरून आलं.

होळीला चाळीस डुकरं आली. त्यांनी गाडी पाहिली, ओढ्यावर जाऊन पाय धुतले आणि पुन्हा येऊन गाडी पाहिली. कंदांकडे कुणी फिरकलं नाही. जेवणाची पंचाईत झाली, तेव्हा ती नरहरपंतांकडे गेली. पंतांच्या घरात शिंगाडे नव्हते. हातगाडी रिकामी कधी मिळालीच नाही, त्यामुळे ते तळ्यात तसेच राहिले आणि वाळून गेले. मग पाहुण्यांनी परतताना सामान न्यायला हातगाडी मागितली.

आठवड्यानं ती परत आली, म्हणजे तिचं एक चाक परत आलं. ते चाक काखेत मारून नरहरपंत मोहाच्या झाडाखाली आले. भिकोबा गाडी पुसत होता.

पंत बराच वेळ उभे राहिले. कासवाचा बराच वेळ म्हणजे फारच वेळ.

"भिकोबा," शेवटी ते म्हणाले, "मी पाच दिवस विचार केला. चार जणांना विचारलं. चाकं फिरवून पाहिली. आणि उन्हाळाभर मी आता पाणी पिऊन राहणार. माझं चुकलं कुठे?"

भिकोबाला त्यांची खरंच दया आली. त्यानं भोकातून हात घालून सहा कंद काढले आणि पंतांपुढे ठेवले.

"पंत, हे घ्या."

"मी मागितले नव्हते."

"म्हणून तर देतोय."

पंतांनी एक कंद खाल्ला. मग त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. फेरीला दुपार गेली. परत आल्यावर त्यांनी विचारलं, "एक सांग. ही गाडी एकदा तरी चालली का?"

"नाही."

"मग एवढी महाग घेऊन उपयोग काय?"

"पंत," भिकोबा फडकं झटकत म्हणाला, "चालली असती तर लोकांनी मागितली असती."

दुसऱ्या दिवशी सकाळी नरहरपंत फत्तूशेटच्या दुकानात होते. या वेळी ते मागच्या अंगणात गेले नाहीत. त्यांनी चाक फिरवलं नाही, काही ठोकून पाहिलं नाही, कुणाला विचारलंही नाही. सगळ्यात मोठ्या गाडीसमोर उभं राहून त्यांनी फक्त एकच प्रश्न विचारला.

"ही चालत नाही, असं लिहून द्याल का?"

तात्पर्य: मोठी खरेदी करताना वस्तूचा आपल्याला किती उपयोग आहे, हे शहाण्यानं जरूर पाहावं, पण शेजाऱ्यांना किती उपयोग आहे, हे त्याआधी पाहावं. घरात किसणी असल्यास कुणाला सांगू नये.