सासूबाईंच्या तरुण पेशी

"सर, धावा! माझ्या सासूबाई तरुण आहेत!" मायक्रोस्कोपवरचा डोळा न काढताच सून ओरडली.

प्रयोगशाळेतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. सरांनी हातातला चहा टेबलावर आदळला आणि खरोखरच धावत आले.

सून काम करायची ती कातडीच्या मूळ पेशींवर. या पेशी कातडीच्या तळाशी बसून जन्मभर नव्या कातडीचा पुरवठा करत असतात. वय झालं की त्यांचाही उत्साह ओसरतो, म्हणून म्हातारपणी साधं खरचटलेलं भरायलाही वेळ लागतो. हा उत्साह किती ओसरतो ते सुनेला बघायचं होतं. एक म्हातारा आणि एक तरुण नमुना हवा होता, तेव्हा तिने घरातलेच दोघे पकडून आणले : सासूबाई आणि नवरा. संस्थेतल्या डॉक्टरांनी दोघांच्याही दंडातून मसुराच्या दाण्याएवढी कातडी काढली. तिच्यातल्या पेशी वाढून तबकडीत त्यांचा सलग थर झाला, तसा सुनेने थराच्या मधोमध ओरखडा काढला आणि कोण आधी बुजवतं ते बघत बसली.

आणि आज बघते तर काय! नवऱ्याच्या पेशी काठावरच रेंगाळत होत्या. सासूबाईंच्या पेशींनी ओरखडा बुजवून टाकला होता.

"सत्तरी उलटलेल्या पेशी अशा पळतात? त्या खातात तरी काय?" सरांनी विचारलं.

"घरात असेल ते सगळं. शिवाय माझं डोकं."

"कुणाला बोलू नका हं एवढ्यात!" असं बजावून सर बाहेर गेले आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांनी ते सगळ्या इमारतीला सांगितलं. संस्थेच्या संचालकांनी तर लगेच बाहेरच्या पाहुण्यांना आमंत्रण धाडलं. प्रयोग बघायला, आणि सासूबाईंनाही बघायला.

घरी ही बातमी ऐकून सासूबाईंच्या चेहऱ्यावर आश्चर्याची रेषही उमटली नाही. "मला ठाऊकच होतं. आमची कातडीच तशी."

"आई, मीही तुझाच मुलगा आहे ना?" नवरा म्हणाला.

"तू वडिलांवर गेलास."

पहिले काही दिवस सासूबाई हवेत तरंगत होत्या. मग त्यांचे पाय जमिनीला लागले आणि दुखायला लागले. लिफ्ट बंद पडली तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "तुम्हाला काय वहिनी, तुम्ही पळत जाल वर!" शेजारणीने आपली दोन द्वाड नातवंडं त्यांच्या हवाली केली. धाकट्या जावेने बोलावून घेतलं ते थेट स्टुलावर चढवून पडदे काढायला लावले. नाही म्हणायची सोय नव्हती. शास्त्राचा शब्द कसा मोडणार?

नवऱ्याचं मात्र उलट चाललं होतं. "माझ्या पेशी थकल्यात," असं म्हणून त्याने सोफ्यावर जे अंग टाकलं, ते उचललंच नाही. कचरा खाली नेणं बंद झालं. कण्हत कुथत आईच त्याला गरम सूप आणून द्यायची. "पी बाळा. काय रे हे तुझं वय, आणि काय ही अवस्था!"

पाहुणे येणार त्याच्या आदल्या दिवशी सरांनी सुनेला बाजूला घेतलं. त्यांचा आवाज इतका हळू कधीच नसायचा. "एक विचारू? राग मानू नका. तुमच्या सासूबाई... बाई आहेत ना?"

"सर!"

"नाही, शेवटची तपासणी म्हणून मी गुणसूत्रं बघून घेतली. सासूबाईंच्या पेशींत वाय गुणसूत्र आहे. पुरुषांचं. आणि तुमच्या नवऱ्याच्या पेशींत ते औषधालाही नाही."

सुनेने हातातलं काम तिथेच टाकलं. ती तडक घरी आली. सासूबाई सोफ्यावर आडव्या पडलेल्या लेकाच्या पायाशी बसून स्वतःच्या पायाला मलम चोळत होत्या.

"आई, कातडी काढायला तुम्हाला भिंतीकडच्या खुर्चीवर बसवलं होतं ना मी?"

"बसवलं होतंस. पण तुझा फोन आला, तू बाहेर गेलीस, आणि तिथे वारा म्हणून लागेना. मग याला उठवलं आणि मी पंख्याखाली बसले. का गं?"

सुनेला सगळा घोळ कळला. प्रत्येक खुर्चीजवळ तिने नाव लिहिलेली बाटली आधीच ठेवली होती. डॉक्टरांनी ज्या खुर्चीवरची कातडी त्या खुर्चीजवळच्या बाटलीत टाकली. "आई, त्या पळणाऱ्या पेशी याच्या आहेत हो! तुमच्या त्या... काठावरच्या."

"म्हणजे मी म्हातारी आहे?"

"हो," सून रडवेली होऊन म्हणाली.

"नक्की? पुन्हा फिरवणार नाही ना?" सासूबाईंनी दोन्ही पाय सोफ्यावर घेतले, उशी ओढली आणि लेकाला म्हणाल्या, "ऊठ रे घोड्या! तो कचरा ने आधी, आणि येताना शेजारणीला सांग, तिची नातवंडं तिची तिने सांभाळायची."

"अगं, पण पुन्हा एकदा तपासून बघायचं का?" नवऱ्याने बायकोला केविलवाणेपणाने विचारलं.

सरांनी सगळं ऐकून कपाळावर हात मारला, संचालकांची बोलणी निमूटपणे खाल्ली आणि पाहुण्यांना कळवलं की चूक झाली, येऊ नका. मग बाटल्यांवरची नावं बदलली आणि नव्याने ओरखडे काढले. या खेपेला सासूबाई हट्टाने प्रयोगशाळेत आल्या. "माझ्या पेशी आहेत. मला बघू द्या." सुनेने मायक्रोस्कोप पडद्याला जोडून दिला.

लेकाच्या पेशी केव्हाच पैलतीरी गेल्या. सासूबाईंच्या निघाल्या, थांबल्या, पुन्हा निघाल्या.

"ह्या कडेच्या दोघी बघ," सासूबाई पडद्याला बोट लावून म्हणाल्या, "अजून घरातच. आवरतायत वाटतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा हजर! दुपारी फट अरुंद झाली. संध्याकाळ झाली तरी घरी जायचं नाव कुणी काढेना. सर, डॉक्टर, झाडू मारायला आलेल्या मावशी, सगळे पडद्याभोवती कोंडाळं करून उभे होते.

"चला गं बायांनो! एवढंसं तर राहिलंय!" सासूबाई ओरडल्या.

शेवटची फट मिटली तेव्हा असा काही गलका उठला की वरच्या मजल्यावरचे संचालक धावत खाली आले. सून तर सरांच्या देखत उड्या मारत होती. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

"काय झालं? माझ्या पेशी कुठवर आल्यात?"

सासूबाईंनी सुनेच्या हातून फोन घेतला. "तुझ्या कालच पोचल्या रे. पण त्यांच्यासाठी टाळ्या नाही वाजवल्या कुणी."