सखारामजींनी सोडलेली वस्तू

विहिरीत बादली सोडण्यापूर्वी सखारामजी तिला सर्व परिस्थिती समजावून सांगत. पाणी किती खाली गेले आहे, दोर कोठे विरला आहे, वर येताना कडेच्या दगडाला का आपटू नये, आणि शेवटी विचारीत, "आयकून राह्यली ना?" बादली उत्तर देत नसे. सखारामजींनी ते कधी मनाला लावून घेतले नाही.

हा मनुष्य डोणगावात आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. त्यांच्याविषयी हल्ली जे सांगितले जाते, त्यातील बारा आणे निखालस खोटे आहे आणि उरलेले चार आणे पूर्वी मीच कोणाला तरी सांगितलेले आहे. त्यांच्या नातीला वाचा कशी फुटली, याच्या तर गावात तीन कथा आहेत. वैद्यांचा नातू म्हणतो, आमच्या आजोबांच्या वेखंडाने. ज्यांच्याकडे तेव्हा पोपट होता ते म्हणतात, आमच्या पोपटाने. आणि मेहकरचे एक निवृत्त मास्तर म्हणतात की सखारामजींचा घसा बसला होता, बाकी काही घडलेच नाही. या तिघांना माझा एकच प्रश्न आहे: आपण तेथे होता काय? मी होतो.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तो काळ. सरकार नागपुरास, तहसीलदार मेहकरास आणि बोलण्याचा सगळा कारभार सखारामजींच्या ओट्यावर. एकदा नागपूरचे कोणी साहेब रस्ता विचारण्यासाठी क्षणभर थांबले. सखारामजींनी त्यांना रस्ता सांगितला, रस्त्यावरील बाभळी सांगितल्या, बाभळींखाली बसणाऱ्यांची सोयरीक सांगितली. साहेबांनी अखेर तंबू डोणगावातच ठोकला.

गंमत अशी की या गृहस्थांचा धंदा मुक्याने करावयाचा होता. शेती बेताची, लौकिक सारा बैलबाजारातील मध्यस्थीचा. तेथे भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि मध्यस्थ हातांवर उपरणे टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटे दाबून सौदा ठरवतात. सखारामजींची बोटे उपरण्याखाली भाव सांगत असत, आणि तोंड मात्र त्याच वेळी त्या बैलाच्या आजीची तारीफ करीत असे.

मी तेव्हा विशीत होतो. शिक्षण आटोपून घरी बसलेला, म्हणजे त्यांचा हक्काचा श्रोता. "बाबू, बस. आयकून राह्यला ना बे?" एवढे म्हणून ते जे सुरू होत, ते गंगाकाकू जेवायला हाक मारीपर्यंत. गंगाकाकू म्हणजे त्यांची पत्नी. बाई शांत. शांत न राहून करते काय?

त्यांची नात शेवंता. तिसरे वर्ष लागले तरी पोरीच्या तोंडून शब्द नव्हता. ती बहिरी नव्हती, हे मी ठणकावून सांगतो. माझ्या आईने गुळाच्या डब्याचे झाकण काढले की ती भिंतीपलीकडून येऊन उभी राहत असे. हसे, रुसे, बोट दाखवी. बोलत मात्र नसे. आणि बोलावे तरी कधी? तिने ओठ विलग केले की सखारामजी तत्पर.

"पोट्टीले तहान लागली! पानी आना!"

"अवो, तिले तोंड तं उघडू द्या," गंगाकाकू म्हणत.

"उघडलंच हाय की तोंड. पानी पाह्यजे म्हनूनच उघडलं. पाह्य, माह्या नातीचं मले नाई समजनार तं कोनाले समजंन?"

उपाय चालूच होते. वेखंड उगाळून मधातून चाटवले गेले. पोरीने तोंड वेडेवाकडे केले आणि वैद्यांच्या धोतरावर थुंकली. वेखंडाचा परिणाम तो एवढाच. पोपटाने चोच मारलेला पेरू मुलाला दिला की ते लवकर बोलते, अशी आमच्याकडे समजूत. सखारामजी पोरीला घेऊन पोपटाकडे गेले, मीही सोबत होतो. प्रथम त्यांनी पोपटाला त्याच्या जबाबदारीची जाणीव करून दिली. "पाह्य भाऊ, हे लहान काम नोहे. मन लावून टोच. आयकून राह्यला ना बे?" पोपट तोवर बऱ्यापैकी बोलका होता. त्या दिवसापासून तो गप्प झाला, हे पोपटवाले सांगत नाहीत. पेरू शेवंताने आवडीने खाल्ला आणि दुसरा मागितला, बोट दाखवून.

मग एके दिवशी बाजारातून परतणाऱ्या एका सोयरीण बाई ओट्यावर टेकल्या. पोरीकडे बघून सहज म्हणाल्या, "घरान्यातच हाय म्हना. तो किसना नव्हता का?"

बाई पाणी पिऊन निघून गेल्या. सखारामजी उठून गोठ्यात गेले आणि बैलांशीसुद्धा बोलले नाहीत.

मी गंगाकाकूंना विचारले, "काकू, किसना कोन?"

त्या तांदूळ निवडत होत्या. "ह्यायचा पाठचा भाऊ. जलमाचा मुका. लोकं त्याले काही इचारत, अन् जवाब हे देत. दोघायचं बोलनं एकटे बोलत. रातच्याले हातावर पांघरून घेऊन बोटं दाबत बसत. एकदा दाबलं म्हंजे हाव, दोनदा म्हंजे नाई. बाजारातल्या बोटायची करामत तथूनच शिकले. माह्यं लगन व्हायच्या आंधीच किसना गेला, बाबू. पन ह्यायची दोघायचं बोलायची सवय काही गेली नाई."

त्यानंतर त्यांच्या बडबडीकडे मी कधी पूर्वीसारखा पाहू शकलो नाही.

आता मुख्य गोष्ट. इच्छा पूर्ण होईपर्यंत आपली लाडकी वस्तू सोडावी, असा नेम आमच्या भागात धरतात. कोणी आंबा सोडतो, कोणी दूध. दुसऱ्या दिवशी सखारामजी मारुतीच्या पारावर गेले. लोकांना वाटले, आता तंबाखू सुटणार. त्यांनी हात जोडले आणि सर्वांदेखत म्हटले, "माही पोट्टी बोलेपरेंत म्या बोलनं सोडलं." आणि खरोखर सोडले. घसा बसल्याचे सांगणाऱ्या मास्तरांनी हे वाक्य कोणत्या घशातून निघाले ते मला समजावून द्यावे.

गावाची घडी विसकटली. बादली कडेला आपटून चेपली. बैल जू मानेवर घेऊन उभे. भाषण झाल्याशिवाय पाऊल टाकण्याची त्यांना सवय नव्हती. बाजारात सौदे झटपट उरकू लागले, आणि उरलेल्या वेळाचे काय करावे हे कोणाला समजेना. लोक तब्येत विचारायला येऊ लागले. ज्या गंगाकाकूंनी सारा जन्म दोन घटका शांतता मागितली, त्या भिंतीवरून मला हाक मारीत. "बाबू, तू तरी काही बोल रे. घर खायले उठते."

सर्वांत चकित झाली ती शेवंता. ओठ विलग केले तरी कोणी पाणी आणीना. ती आजोबांच्या तोंडाकडे टक लावून पाही. एकदा तर तिने त्यांचा खालचा ओठ धरून आत डोकावले. बोलणे कोठे अडकले आहे ते पाहत असावी.

आणि एके दुपारी, मी त्यांच्याच ओट्यावर बसलो असताना, ती पायऱ्या चढून आली. हातात मक्याचे कणीस. आजोबांच्या मांडीवर बसली आणि सुरू झाली. कणीस, बकरी, बकरीने केलेली आगळीक. शब्द अर्धे, बोबडे, पण थांबणे नाही. शेवटी तिने त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवले आणि दरडावून विचारले,

"आयकून लाह्यला ना बे?"

तिच्या आयुष्यातील पहिले भाषण, आणि आजोबांना "बे"!

लोक सांगतात की सखारामजींनी अशी आरोळी ठोकली की बैलांनी दावी तोडली. साफ खोटे. नेम फळाला आला होता, बोलायला ते मोकळे होते. पण ते बोलले असते तर ती थांबली असती. म्हणून त्यांनी खांद्यावरचे उपरणे काढले, आपल्या हातावर टाकले, त्याखाली तिचा इवलासा हात घेतला आणि एकदा दाबला.

शेवंता पुन्हा बकरीकडे वळली. दिवे लागेपर्यंत ती बोलत होती आणि सखारामजी ऐकत होते. उपरण्याखालचा हात मधूनमधून हलत होता. प्रत्येक वेळी, एकदाच.