सरदारचा हर्निया

उस्मानपुऱ्यात काकासाहेबांच्या सरदार कुत्र्याची नसबंदी झाली, अन् तोंड मात्र काकासाहेबांचं उतरलं.

डॉक्टरनं बजावून सांगितलं होतं, टाके चाटू देऊ नका, उड्या मारू देऊ नका, गळ्यातला प्लास्टिकचा भोंगा काढू नका. टाके उसवले तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागंल. काकासाहेबांच्या बायकोनं, द्वारकाबाईनं, ते पदराला गाठ मारून ठेवलं अन् कुत्र्याशेजारीच चटई टाकली.

काकासाहेबांना घोर निराळाच. "कुणी इचारलं तर हर्निया सांगायचं."

"कुत्र्याला हर्निया?"

"होतो. मर्दाला होतो."

सांजेपर्यंत बातमी पडेगावला पोचली. तिथं तात्यासाहेब राहायचे, हर्नियातले जुने जाणकार. आजाऱ्याला भेटायला जायचं म्हंजी जायचंच. ते शहाळं घेऊन आले, वरून आपला हर्नियाचा पट्टाबी आणला, घडीसुद्धा न मोडलेला. मागोमाग शेजारचा शफी बिस्किटं घेऊन आला.

"अरे काकासाब, इतके जवान कू हर्निया? नजर लगी इसकू!"

आता आजाऱ्यानं पाहुण्यांपुढं झोपून राहणं बरं दिसतंय व्हय? सरदारला उठवलं. शेपूट हलवायला लावली. हात दे म्हणले, त्यानं दिला.

"वाघासारखं जनावर," तात्यासाहेब कळवळले, "अन् गळ्यात लाउडस्पीकर? काढा ते."

"काढू नका!" द्वारकाबाई वरडली.

"तू गप. आधी चहा टाक," म्हणत काकासाहेबांनी भोंगा काढला.

तात्यासाहेब पट्टा बांधायला खाली वाकले. लई वेळ वाकलेलेच राहिले.

"काकासाहेब," ते दबक्या आवाजात म्हणले, "हितलं सामान कुठंय?"

तिन्ही गड्यांनी आपसूक मांड्या आवळल्या. शफीनं कानाला हात लावला. तात्यासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मर्दाची जिंदगी गेली हो!"

हितं शोकसभा चालू, तिथं सरदारनं मोका साधून टाके चाटायला घेतले. द्वारकाबाई चहाचं दूध तसंच सोडून पळत आली. एका टाक्यातून रगत यायला लागलं होतं. तिनं कुत्र्याला कवळ्यात धरलं, भोंगा चढवला, अन् मग तिचं टाळकं सरकलं.

"माझ्या नसबंदीच्या ऑपरेशनला कोण रडलं होतं? नर्स म्हणली, गड्याचं सोपं असतंय, गड्याला आणा. तर ह्यांना हर्निया निघाला. तुमच्या बायकोच्या, मनकर्णाबाईच्या वक्ताला तुम्हाला निघाला, तात्यासाहेब. आम्ही दोघी टेबलावर गेलो. अन् टाके वले असताना तुम्ही जेवायला आलता, तवा भाकरी मीच थापल्या!"

तिनं पट्टा उचलून उजेडात धरला. "कोराय."

तात्यासाहेब शहाळ्यात बघायला लागले.

"वहिनी... चहा?" काकासाहेब चुकून बायकोलाच वहिनी म्हणले.

"आज चहा हर्नियावाले टाकतील. मी कुत्र्याला घेऊन डॉक्टरकडं चालले."

तिनं सरदारला शालीत गुंडाळलं, रिक्षा केली. मागं तिघं गडी, उतू गेलेलं दूध, अन् साखरेचा डबा कुठंय ते एकालाबी ठाव नाय.

तुम्ही खुशाल हसा. पर हसून झालं की एकदा घरातल्या माळ्यावर चढा. पट्टा घावंल. कोराच असंल.